भाषण नको, उत्तर शोध

अगं, तू पाठवलेली क्लिप पाहिली. खासदारसाहेब हातवारे करून तावातावाने बोलतायत, खाली कुणीतरी ढोल-ताशाचं संगीत चिकटवलंय, आणि तू विचारतेस, "ताई, हे खरंच असं बोलले का?" बोलले असतील गं. पण तुला हवंय काय? तुझी वहिनी अंगणवाडी सेविका आहे आणि तिचं मानधन दिल्लीत कुठे अडलंय, हे तुला समजून घ्यायचंय. मग त्या भाषणाच्या मागे कशाला लागतेस? भाषण हवेत विरतं, त्याला कुणी बांधील नसतं. मंत्र्याने सभागृहाला दिलेलं उत्तर मात्र त्याच्या खात्याच्या नावावर कायमचं चढतं. म्हणून मोठी बहीण म्हणून सांगते, भाषण शोधू नकोस, उत्तर शोध.

संसदेच्या संकेतस्थळावर दोन्ही सभागृहांची प्रश्नोत्तरं आणि चर्चा सगळ्यांना फुकट वाचता येतात. जुनं काही हवं असेल तर संसदेचं डिजिटल ग्रंथालय आहे. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. राज्यसभेत १५ आणि १६०. तारांकिताचं उत्तर मंत्री तोंडी देतात, त्यावर पुरवणी प्रश्न येतात, टीव्हीवर दिसतात ते हेच. पण प्रश्नोत्तराच्या तासाभरात त्यातले मोजकेच पुकारले जातात. अतारांकिताचं उत्तर लेखी येतं. तिथे ना बाकं वाजत, ना कुणी उठून ओरडत. सगळे आकडे, तक्ते, राज्यवार याद्या तिथेच पडलेल्या असतात. तू आधी तिकडे जा.

शोधताना आपल्या तोंडातला शब्द टाकू नकोस, सरकारच्या फायलीतला टाक. 'अंगणवाडी पगार' म्हणून शोधलंस तर हात हलवत परत येशील, कारण सरकारलेखी सेविका मानसेवी आहे. 'मानधन' किंवा इंग्रजीतलं 'ऑनरेरियम' टाक, खातं 'महिला व बालविकास' निवड आणि अधिवेशनाच्या तारखा दे. अर्थसंकल्पी, पावसाळी, हिवाळी, एकेक करून बघ. चर्चेतलं काही शोधायचं असेल तर इंग्रजीत आणि देवनागरीत असं दोनदा शोध. हिंदीत केलेलं भाषण मूळ प्रतीत देवनागरीतच असतं, ते रोमन अक्षरांना सापडत नाही. आणि फार जुने खंड छापील पानांवरून स्कॅन केलेले आहेत, तिथे शोधखिडकी कधीकधी दगा देते. अशा वेळी वर्तमानपत्रावरून तारीख काढायची आणि त्या दिवसाचं कामकाज सरळ उघडायचं.

वहिनीच्या बाबतीत तुला काय सापडेल ते सांगते. १ ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने सेविकेचं मानधन ३,००० वरून ४,५०० रुपये केलं, मदतनिसाचं १,५०० वरून २,२५०. आता त्यानंतरच्या अधिवेशनांतली उत्तरं एकाखाली एक लाव. विचारणारा खासदार बदलतो, त्याचा पक्ष बदलतो, राज्य बदलतं. कितीतरी वर्षं आकडा तोच राहतो. आणि राज्य सरकारं आपापल्या पैशातून जादा रक्कम देतात, हे वाक्यही न चुकता येतं. म्हणजे वहिनीने कुठलं दार ठोठवायचं ते कळलं ना? केंद्राचा हिस्सा वेगळा, राज्याचा वेगळा. ढोल-ताशाच्या क्लिपमधून हे कधीच कळलं नसतं.

आपल्या विधिमंडळाची प्रश्नोत्तरं तर एकदा वाचच. तिथली मराठी ठसठशीत असते. प्रश्न पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो: अमुक गावात तमुक घडले हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, असल्यास, काय आढळून आले, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि उत्तर येतं, "हे अंशतः खरे आहे." मग खाली, "प्रश्न उद्भवत नाही." नवखा माणूस इथे कंटाळून पान मिटतो. तू मिटू नकोस. अंशतः खरं, म्हणजे कुठला अंश? तो उत्तरात लिहिलाय का? कारवाई "सुरू आहे" म्हटलंय, पण कधीपासून? दिल्लीत याचीच दुसरी तऱ्हा आहे. प्रश्नाचे चार-पाच भाग असतात, (क), (ख), (ग), (घ), आणि उत्तर एकत्रच येतं, "(क) ते (घ)". योजनेची सगळी माहिती असते, उद्दिष्टं असतात, सोबत तक्ताही असतो. पण (ग) मध्ये विचारलेलं "किती जागा रिकाम्या आहेत" तेवढंच गायब. पेन्सिल घे आणि प्रश्नाच्या प्रत्येक भागासमोर उत्तरातलं वाक्य जुळव. ज्या भागासमोर काहीच उरत नाही, तीच खरी बातमी.

आणखी एक. "माहिती गोळा केली जात असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल," असं उत्तर दिसलं की ती टोलवाटोलवी समजून सोडून देऊ नकोस. असं वाक्य आश्वासन म्हणून धरलं जातं आणि सरकारने ते तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं. केलं की नाही हे बघायला शासकीय आश्वासन समिती आहे. लोकसभेची तर १९५३ पासून आहे. कुठलं आश्वासन किती वर्षं लोंबकळतंय, हे तिच्या अहवालांत येतं. उत्तर सापडलं नाही तर समितीचा अहवाल उघड.

आता खाचखळगे. छापलेलं सगळंच बोललेलं असतं असं समजू नकोस. वेळ संपली की काही सदस्य आपलं भाषण नुसतं पटलावर ठेवतात. तशी तळटीप असते, ती बघ. उलट, बोललेलं सगळं छापलंही जात नाही. अध्यक्षांनी कामकाजातून काढलेले शब्द गळतात, गोंधळात ओरडलेलं नोंदवलंच जात नाही, तिथे कंसात फक्त 'व्यवधान' उरतं. क्लिपमध्ये असलेलं आणि नोंदीत नसलेलं वाक्य दिसलं, तर ते काढून टाकलेलं असू शकतं. असं वाक्य जाहीरपणे छापणं हक्कभंगाचं प्रकरण होऊ शकतं, तेव्हा जरा जपून. कुणी मराठीतून बोललं असेल, तर नोंदीत बहुधा अनुवाद मिळतो आणि "मूळ भाषण मराठीत" अशी टीप. शब्दान्‌शब्द हवा असेल तर संसद टीव्हीचं चित्रीकरण ऐकायचं.

मतांचंही तसंच. आवाजी मतदानाने विधेयक मंजूर झालं तर कोण 'हो' म्हणालं, कोण 'नाही', याची नावनिशी नोंद नसते. "आमच्या खासदाराने कुठल्या बाजूने मत दिलं?" याचं उत्तर मिळतं ते मतविभागणी झाली असेल तरच. महिला आरक्षणाच्या विधेयकावर २० सप्टेंबर २०२३ ला लोकसभेत ती झाली, ४५४ विरुद्ध २. विरोधातल्या दोघांपैकी एक तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील. त्यांचं मत पटो न पटो, पण शिव्या घालण्याआधी त्यांच्या पक्षाचं त्याच चर्चेतलं भाषण वाच. आक्षेप मुस्लिम आणि ओबीसी महिलांसाठी वेगळा वाटा नसण्यावर होता. एवढं वाचून मग खुशाल भांड.

तुला वाटेल, हे सगळं रुक्ष आहे. मग एक दिवस जुनं वाच. २८ जुलै १९२८ ला मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकावर बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे देशाच्याच हिताचं आहे आणि म्हणून खरं तर त्याचा बराचसा भार सरकारने उचलायला हवा, असं त्यांनी मांडलं. राज्य सरकारने काढलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या दुसऱ्या खंडात ते आहे. त्यानंतर २६ आठवड्यांच्या रजेच्या विधेयकावरची चर्चा उघड. राज्यसभेत ऑगस्ट २०१६, लोकसभेत मार्च २०१७. खर्च कुणी सोसायचा हा प्रश्न धरून दोन्ही वाच. जिथे कामगार राज्य विमा (ईएसआय) लागू नाही तिथे आजही तो मालकावरच आहे, आणि लहान आस्थापना बायकांना कामावर घ्यायला का कचरतात याचं एक कारण त्यात दडलंय. तुझ्या ऑफिसमधल्या पुढच्या वादात हे उपयोगी पडेल.

सापडलेलं लगेच टिपून ठेव: सभागृह, तारीख, प्रश्न क्रमांक, खातं. एवढं असलं की वादात कुणी "कशावरून?" म्हटलं तर कागद पुढे करता येतो. हे चारही तपशील घालून आपल्या खासदाराला पत्र लिही, की अमुक उत्तरात (ग) भागाला उत्तर मिळालेलं नाही, पुढच्या अधिवेशनात तेवढंच विचारा. आयता प्रश्न मिळाला तर त्यांनाही तो नको नसतो.

आणि बाई, कुणी किती प्रश्न विचारले याची कोष्टकं घेऊन लगेच निकाल देऊ नकोस. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, हजेरीवहीत सहीही करत नाहीत. त्यांच्या नावापुढे रिकामी जागा दिसणारच. पण जो साधा सदस्य आहे, सभेत तुझ्या टाळ्या घेतो, ज्याचा फोटो तुझ्या स्टेटसला असतो, त्याचं नाव शोधखिडकीत सगळ्यात आधी टाक. विरोधकाची उलटतपासणी काय, कुणीही करतं.