कॅरमवर जोर नको, नजर हवी

पोट्ट्यांनो, रोवणी आटोपली अन् झड लागली की आपल्या भंडाऱ्याकडे घराघरांतून कॅरम बोर्ड निघतो. खेळ चांगलाच आहे. पण बहुतेक पोरं सारी ताकद बोटात आणून स्ट्रायकर हाणतात आणि सोंगटी फ्रेमवर आपटून परत येते. म्हणून चार गोष्टी सांगून ठेवतो.

आधी बोर्ड सांभाळा. सामन्याच्या बोर्डाची खेळायची जागा 74 सेंटिमीटर लांब-रुंद असते आणि प्लायवूड किमान 8 मिलिमीटर जाडीचं लागतं. काखेत मारून नेता येणारा छोटा बोर्ड लहान पोरांना ठीक आहे, पण पातळ प्लाय लवकर वाकतं आणि त्यावर लागलेली सवय मोठ्या बोर्डावर कामी येत नाही. पावसाळ्यात बोर्ड ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका. ओलं फडकं तर कधीच फिरवू नका, कोरड्या सुती कापडाने पुसा. बोरिक पावडर चिमूटभर पुरते. दमट हवेत तिच्या गुठळ्या होतात, म्हणून डबी घट्ट लावा. ती पोटात जाता कामा नये. लहानग्यांपासून दूर ठेवा आणि खेळून उठल्यावर हात धुऊनच ताटावर बसा.

स्ट्रायकर नीट मांडा. त्याने बेसलाइनच्या दोन्ही रेघांना शिवलं पाहिजे. टोकाच्या लाल गोलावर ठेवायचा तर गोल पुरता झाका, नाहीतर त्याला शिवू नका. तळहाताची कड बोर्डावर टेकू द्या, मनगट सैल ठेवा, बोट स्ट्रायकरच्या अगदी जवळ आणा. लांबून टिचकी मारली की नेम हलतो.

वजनाला काम करू द्या. स्ट्रायकर जास्तीत जास्त 15 ग्रॅमचा आणि सोंगटी 5 ते साडेपाच ग्रॅमची. जवळजवळ तिप्पट वजन तुमच्या बाजूने आहे, मग जोर कशाला? या वजनाची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. सरळ टक्कर झाली तरी जड स्ट्रायकर जागीच थांबत नाही, सोंगटीच्या मागोमाग पुढे जातो. पॉकेट साधारण साडेचार सेंटिमीटरचं, स्ट्रायकर चार सेंटिमीटरहून थोडा मोठा, म्हणजे तोही आत जातो. मग आत गेलेली सोंगटी बाहेर येते आणि वर दंडाची एक. म्हणून पॉकेटच्या तोंडाशी असलेल्या सोंगटीला हलका कट द्या.

कट मारताना उलटं पाहा. आधी पॉकेट पाहा. तिथून सोंगटीच्या मध्यातून मागे रेघ ओढल्याचं मनात धरा. ती रेघ सोंगटीच्या मागच्या काठाला जिथे भेटते, तिथेच स्ट्रायकर लागला पाहिजे. नजर शेवटपर्यंत त्या काठावर ठेवा. मारण्याआधी स्वतःला विचारा, स्ट्रायकर पुढे कुठे जाईल? तो आपलीच मोकळी सोंगटी अडवणार असेल, तर दुसरी चाल शोधा.

क्वीनचा, म्हणजे लाल सोंगटीचा, हिशोब ठेवा. क्वीन घेतली की लगेच आपली सोंगटी टाकून कव्हर करावं लागतं. कव्हर तयार नसेल तर तिला हात लावू नका. फार उशीरही करू नका, कारण क्वीन बोर्डावर असताना आपली शेवटची सोंगटी गेली तर तो बोर्ड, म्हणजे तो डाव, हातचा जातो. तिचे 3 गुण. गेम 25 गुणांचा किंवा 8 बोर्डांचा, पण आपले 22 गुण झाले की क्वीनचे गुण मिळत नाहीत. तेव्हा गुणांसाठी तिच्यामागे धावू नका, पण आपली शेवटची सोंगटी टाकण्याआधी क्वीन गेलेली हवी हे विसरू नका.

सोपी सोंगटी राखून ठेवा. पॉकेटजवळची सोंगटी एक पॉकेट अडवून धरते आणि समोरच्याची वाट बंद करते. अडचणीतल्या सोंगट्या आधी सोडवा. काही जमत नसेल तेव्हा समोरच्याला सोपा फटका मिळणार नाही असा स्ट्रायकर खेळा.

सराव एकट्याने करा. एकच सोंगटी, एकच पॉकेट, एकच फटका, हाताला वळण लागेपर्यंत. मग जागा बदला.

हा खेळ घरात रिकामा वेळ काढण्यापुरता आहे, असं कोणी म्हटलं तर त्यांना सांगा, चेन्नईच्या मारिया इरुदयम यांना कॅरमसाठी 1996 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. मुंबईचा प्रशांत मोरे 2016 साली बर्मिंगहॅमला जगज्जेता झाला. चेन्नईच्याच काझिमाने 2024 मध्ये अमेरिकेतल्या विश्वचषकात तीन सुवर्णपदकं जिंकली. तिचे वडील ऑटोरिक्षा चालवतात.

म्हणून बाप्पा, पोरींनाही बोर्डावर बसवा, त्यांना नुसतं गुण लिहायला बसवू नका. फाऊल झाला तर समोरच्याने सांगायची वाट न पाहता स्वतः सोंगटी काढून ठेवा. फटका चुकला तर जोर वाढवू नका, नेम तपासा.