मोजून सांग, आणि मोठ्यानं सांग

तुझी वॉर्डातून ओटीला बदली झाली, बरं झालं बघ. हत्यारांची नावं, ट्रॉली लावायची पद्धत हे सगळं हळूहळू हाताला बसेल. मला बोलायचंय ते मॉपच्या काउंटबद्दल.

१९६३ सालची गोष्ट. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीची १३ जुलैला नसबंदी झाली. पुढं ताप आणि पोटदुखी काही हटेना. १९ तारखेला टाके उघडले तर आत मॉप निघाला. २४ जुलैला ती गेली. घरचे कोर्टात गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९९६ साल उजाडलं. पोटात मॉप राहणं हाच निष्काळजीपणा, असं न्यायालयानं म्हटलं. भरपाई, ३६,००० रुपये. पोरांची आई मात्र कायमची गेली गं.

तू म्हणशील, आता तर सगळीकडे काउंट होतोच. ऐक. अमेरिकेत २००३ साली अशा घटनांचा एक अभ्यास छापून आला. ज्या शस्त्रक्रियांत काउंट झाला होता, त्यांतल्या ८८ टक्के ठिकाणी तो कागदावर ‘बरोबर’ होता! तातडीच्या शस्त्रक्रियेत धोका तर कितीतरी पट जास्त. गगनबावड्याकडून, शाहूवाडीकडून रात्री अडलेली बाई येते, तेव्हा सगळ्यांचीच घाई असते. त्याच वेळी तू घाई करायची नाहीस.

काउंट एकटीनं कधी करू नकोस. तू आणि फ्लोअरची सिस्टर, दोघींनी मोठ्यानं मोजायचं आणि लगेच बोर्डावर लिहायचं. चीर देण्याआधी, गर्भाशय शिवताना, पोट बंद करण्याआधी, कातडीचे टाके घालताना, आणि मध्येच ड्युटी बदलली तरीही. रक्तानं भिजलेले मॉप एकमेकांना चिकटतात, म्हणून एकेक उलगडून मोज. मॉप कापून वापरू देऊ नकोस. एक्स-रेत दिसणारा धागा नसलेला साधा गॉज पोटात जाऊच देऊ नकोस. शेवटचा काउंट जुळेपर्यंत बकेट, कचरा, चादर, काहीही ओटीबाहेर जाता कामा नये.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट. काउंट जुळला नाही, आणि सर म्हणाले, ‘‘असेल कुठंतरी, बंद करूया,’’ तर गप्प राहू नकोस. ‘‘सर, एक मॉप कमी आहे, थांबा,’’ एवढंच स्पष्ट बोल. आधी पोटात, मग जमिनीवर, बकेटमध्ये शोधा. नाहीच सापडला तर टेबलावरच एक्स-रे. मोठ्यांचा मान राखायचा हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय, पण टेबलावरची बाई स्वतः बोलू शकत नाही. तिच्या वतीनं तू बोलायचंस. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली काढलेल्या सुरक्षा यादीतही रुग्ण ओटीतून हलण्याआधी काउंट पुरा झाल्याचं सिस्टरनं सगळ्यांसमोर सांगायचं, असं आहे. तो तुझा हक्क आहे.

सर रागावले तर रागावू देत. दुसऱ्या दिवशी राउंडला तेच तुझ्यावर भरवसा टाकतील. आणि नाही टाकला, तरी काउंट जुळल्याशिवाय ‘बरोबर’ म्हणू नकोस.