हापूसचा भाव एक, पानं पाच

देवगडच्या एका बागायतदारांची वेबसाइट माझ्याकडे आली ती तक्रारीसकट. ऐन एप्रिलात गिऱ्हाईक फोन करून दोन वर्षांपूर्वीच्या भावात पेटी मागायचं, वर ऐकवायचं, "तुमच्याच साइटवर लिहिलंय की!" खरंच लिहिलेलं होतं. आधी साइट बघणाऱ्याने दर हंगामाला हापूसच्या भावाचं नवं पान केलं होतं, पत्त्यात साल घालून. जुनी पानं जागच्या जागी. शिवाय ‘हापूस’चं इंग्रजी स्पेलिंग बदलून आणखी दोन.

तुमच्याकडेही एकाच शोधशब्दासाठी आपलीच पानं एकमेकांना आड येतायत असं वाटलं तर अंदाजाने पानं उडवू नका. गूगल सर्च कन्सोलमध्ये परफॉर्मन्सचा अहवाल उघडा, तो एकच शोधशब्द निवडा आणि ‘पेजेस’वर जा. तिथे 16 महिन्यांपर्यंतची माहिती असते, म्हणजे मागचा हंगामही ताडून बघता येतो. आमची पानं आळीपाळीने वर-खाली होत होती आणि यंदाचं पान क्वचितच वर यायचं.

दोन पानं एकाच शब्दाला दिसली की घाबरायचंही कारण नाही. अस्सल हापूस कसा ओळखावा हे वाचणारा वेगळा आणि पेटी मागवणारा वेगळा. ती दोन पानं मी ठेवली. वाचक एकाच कामासाठी येत असेल, तरच पानं एक करायची.

"अहो, काढून टाका ना जुनी!" बागायतदार म्हणाले. पण जुन्यांपैकी एका पानाला बाहेरच्या साइटवरून लिंक होत्या. पान काढलं की त्या वाया. म्हणून साल नसलेला एक कायमचा पत्ता केला, जुन्या पानांतला कामाचा मजकूर तिथे आणला आणि बाकीचे पत्ते 301 रीडायरेक्टने तिकडे वळवले. सरसकट होमपेजकडे वळवू नये. असं पान गूगल ‘सापडलं नाही’ असंच धरू शकतं. कॅनॉनिकल टॅगवर भागवायचा सल्लाही मिळेल. पण तो टॅग जवळजवळ सारख्या मजकुरासाठी आहे, आणि गूगलवर त्याचं बंधन नाही. रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा. मेनूतल्या आणि लेखांतल्या लिंक मात्र हाताने बदलाव्या लागतात. हे कंटाळवाणं काम हमखास राहतं.

हे सगळं पावसाळ्यात उरकलेलं बरं. गूगलला बदल पचायला काही आठवडे लागतात, आणि मार्चमध्ये पेट्या सुटायला लागल्या की पत्ते हलवायची ती वेळ नव्हे.