पिल्लू घरी आणताना

दिवाळी सरली, थंडी पडू लागली, की गल्लीबोळात कुत्र्या व्यालेल्या दिसतात. पोरे पिल्ले पाहायला जातात, आणि एखादे पिल्लू सदऱ्यात लपून घरी येते. आमच्याकडेही असेच झाले. नातवाने पिल्लू आणले. आजी म्हणाली, "अरे, याचे करायचे कुणी?" नातू म्हणाला, "मी करीन." त्याचे वय ९. म्हणजे करायचे कुणी, ते मला समजले!

मी पिल्लाचे तोंड उघडून पाहिले. दात नुकते फुटत होते. महिन्याचेही नसेल. ते परत त्याच्या आईजवळ नेऊन ठेवले. नातू रडला. मी रडू दिले. पिल्लू दोन महिने आईजवळच राहावे. तिच्या दुधाने ते धरते. भावंडांशी खेळताना, किती जोराने चावले म्हणजे दुखते, हेही ते शिकते. तो धडा माणसाला शिकवायला फार जड जातो.

तरुणपणी मी ही चूक केली होती. इवलेसे पिल्लू आणले आणि माया म्हणून वाटी वाटी म्हशीचे दूध पाजले. हगवण लागली आणि चौथ्या दिवशी ते गेले. लोक म्हणाले, दृष्ट लागली. दृष्ट कसली? दूध बाधले.

दोन महिने झाल्यावर मोत्या घरी आला. दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे खायला द्यावे. मऊ भात, कुस्करलेली भाकरी, उकडलेले अंडे चालते. आपली आमटी मात्र घालू नये. तिच्यात कांदा-लसूण असतो, तो कुत्र्याला बाधतो. द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट हे तर विषच. कोंबडीची शिजलेली हाडे फुटून घशात रुततात. पाण्याचा वाडगा सदा भरलेला असावा.

पहिल्या रात्री पिल्लू कुई कुई करते. त्याला मारू नका. गोणपाटावर जुने लुगडे अंथरा आणि माणसांच्या जवळपास निजवा. खाऊन झाले की आणि झोपेतून उठले की लगेच बाहेर एकाच जागी न्या. घरात घाण केली म्हणून नाक घासू नये. त्याने ते फक्त तुम्हाला भिते, दुसरे काही शिकत नाही.

पिल्लाच्या पोटात जंत असतातच म्हणा ना. ते मुलांनाही होऊ शकतात. म्हणून गुरांच्या डॉक्टरांना विचारून तीन महिन्यांचे होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी जंताचे औषध द्या. पिल्लाशी खेळल्यावर मुलांचे हात साबणाने धुवा. दीड-दोन महिन्यांपासून इतर रोगांच्या लशी सुरू होतात. रेबीजची, म्हणजे पिसाळण्याची, लस तिसऱ्या महिन्यात देतात. पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा ती पुन्हा टोचून घ्यावी लागते.

मोत्याची ती लस व्हायची होती, तेवढ्यात एक गोष्ट घडली. शेजारची ७ वर्षांची मुलगी त्याच्याशी खेळत होती. त्याचा दात तिच्या बोटाला लागला. थेंबभर रक्त आले. तिचा बाप चुना घेऊन आला. मी हात धरला. तो म्हणाला, "गुरुजी, एवढ्याशा पिल्लाला कसला रेबीज?"

बाबांनो, पिल्लालाही रेबीज होतो. पिसाळलेले कुत्रे त्याला कधी चावले, हे कुणी पाहिलेले नसते. चुना, हळद, तिखट, तेल काही लावू नये. बोट नळाखाली धरले आणि साबण लावून घड्याळाने १५ मिनिटे धुतले. मुलगी कंटाळली, तरी सोडले नाही. मग तडक सरकारी दवाखाना गाठला.

बापाला पोटातल्या १४ इंजेक्शनांची भीती होती. ती जुनी गोष्ट झाली. २००५ नंतर ती लस आपल्याकडे राहिली नाही. आता सरकारी दवाखान्यात दंडावर लहान सुई देतात: पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आले असेल तर जखमेत आणखी एक औषध टोचतात. एकही तारीख चुकवू नये. रोगाची लक्षणे एकदा दिसली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लस मात्र वाचवते. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी आपली लस पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या एका मुलाला देवविली. तो मुलगा आमच्या नातवाएवढाच, ९ वर्षांचा होता. तो जगला.

मोत्यावर आम्ही १० दिवस नजर ठेवली. आवाज बदलतो का, लाळ गळते का, उगाच अंगावर येतो का, हे पाहिले. तो धडधाकट राहिला. पण कुत्रे जगते की मरते, याची वाट पाहत लस लांबवायची नसते, बरे का. मुलीला पहिली सुई त्याच दिवशी दिली होती.

पुढे मोत्यालाही लस टोचली. डॉक्टरांनी कार्ड दिले. त्यावर पुढची तारीख लिहिली आहे. ते कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत असते. शेजारच्या मुलीचा बाप यंदाच आमच्या रात्रीच्या वर्गात वाचायला शिकला. परवा तो आला, कार्ड काढायला लावले, आणि ती तारीख बोट ठेवून स्वतः वाचली.