वर घरे, खाली गाळे : सही करण्यापूर्वी

जुनी इमारत पाडून खाली गाळे आणि वर सदनिका बांधण्याचा प्रस्ताव आला, की व्यापारी बंधूंचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती चौरस फूट मिळणार? आमच्या मते दुकानदाराने आधी विचारावे, दर्शनी बाजू किती फूट आणि तोंड कोणत्या रस्त्याला? सहा फूट रुंद, पंचवीस फूट खोल गाळा आणि दहा बाय पंधराचा गाळा, दोन्ही दीडशे फूटच! पण अत्तरवाल्याचा धंदा दुसऱ्यातच चालेल. जरीकाम करणाऱ्या कारागिराला मात्र आतली जागाही पुरते.

मुंबईच्या भेंडी बाजारात सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने २००९ पासून साडेसोळा एकरांचा पुनर्विकास हाती घेतला. त्यात सुमारे १,२५० दुकाने आहेत. पुनर्विकास नकोच, असे आम्ही म्हणणार नाही. त्याच भागातील हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोसळली आणि तीसहून अधिक माणसे दगावली.

वर माणसे राहणार म्हटल्यावर तंदूरचा धूर, यंत्राचा आवाज, पहाटे उतरणारा माल यांवरून उद्या तक्रारी होणारच. म्हणून धुराड्याची वाट, टेम्पो उभा करण्याची जागा, पाटीची जागा आणि धंद्याचा प्रकार करारातच लिहून घ्या. लिफ्टचा खर्च तळमजल्यावर किती पडेल, हेही विचारा. तोंडी आश्वासन बिल्डरचा माणूस बदलला की संपते.

आणि तात्पुरता गाळा जुन्या गिऱ्हाइकाच्या पायवाटेवरच मागा.