भरलेली बंदूक आणि दमलेला खांदा

२०२५ च्या जानेवारीअखेर मनोरजवळच्या बोरशेतीच्या रानात रानडुकरांच्या पारधीला गेलेल्यांपैकी एकाने गोळी झाडली आणि त्यांच्याच सोबतचा माणूस मेला. डुक्कर समजून झाडली, असं पुढे आलं. त्यानंतर पालघरपासून बोईसरपर्यंत जो तो एकच बोलत होता, नशीब वाईट. मला हे ऐकवत नाही. त्या दिवशी कोणाचा किती दोष हे न्यायालय ठरवेल. पण रानात बंदूक वागवणाऱ्याला ठाऊक असतं की असा अपघात चाप ओढण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. बंदूक भरून खांद्यावर घेतली, तिथेच. हे आधीपासून सांगणाऱ्याला आमच्याकडे भित्रा म्हणतात. मलाही म्हटलं गेलं. आता तरी ऐकावं.

बंदुकीचं वजन घरात कळत नाही. बारा बोअरची दुनळी तीन-साडेतीन किलो भरते. लांब पल्ल्याच्या शिकारी रायफलीला जाड नळी, वर दुर्बीण, पुढे दोन पायांचा टेकू. ती सहज पाच-सहा किलोंवर जाते. एवढं ओझं इथल्या माणसाला काहीच नाही, तो याच्या कितीतरी पट वजनाची मोळी डोक्यावरून आणतो. पण मोळीला तोंड नसतं. बंदुकीला असतं, आणि खांदा भरून आला की ते तोंड कुठे वळलंय याचं भान सुटतं. कधी ते पुढच्याच्या पाठीवर रोखलेलं असतं, कधी मागच्याच्या पोटावर. करवंदीच्या जाळीतून वाकून निघताना पट्टा अडकतो, काटकी चापाशी जाते. दमलेला माणूस बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकतो, काठीसारखी टेकत उतार उतरतो. यातल्या प्रत्येक वेळी ती रिकामी असेल तर काही बिघडत नाही. ती रिकामी नसते, कारण जनावर अचानक उठलं तर भरायला वेळ मिळणार नाही ही धास्ती असते.

त्यात ठासणीची बंदूक सगळ्यात वाईट. नळीत दारू, वर बोळा, वर छर्रे एकदा ठासले की ते काढायला बार उडवण्याइतका सोपा मार्ग दुसरा नाही. म्हणून संध्याकाळी भरलेली बंदूक रात्रभर भरलेलीच हिंडते आणि भरलेलीच घरी येऊन भिंतीला टेकते, जिथे पोरं खेळतात. निदान चालताना निपलवरची टोपी काढून वेगळ्या खिशात ठेवावी. काडतुसाची बंदूक असेल तर ती मोडून खांद्यावर घ्यावी, काडतुसं बाहेर, म्हणजे मागच्यालाही ती रिकामी दिसते. बांध, ओहोळ, काटेरी कुंपण आलं की बंदूक आधी पलीकडे ठेवावी, मग आपण जावं. नुसतं सावध राहावं, हे तर सगळेच सांगतात; नेमकं करायचं ते हे.

यावर हल्ली एक उत्तर हमखास येतं, विशेषतः मोबाइलवर परदेशी शिकारीची दृश्यं पाहणाऱ्यांकडून. म्हणे, दुर्बिणीची लांब पल्ल्याची रायफल असती तर माणूस की डुक्कर ते स्पष्ट दिसलं असतं. ज्यांनी आपलं रान नीट पाहिलेलं नाही त्यांचं हे बोलणं आहे. तशी रायफल उघड्या माळावर किंवा एका डोंगरावरून दुसऱ्यावर, जमिनीला टेकून झाडण्यासाठी घडवलेली असते. आपल्याकडे सागाच्या आणि करवंदीच्या गचपणात पन्नास पावलांवरचं दिसत नाही, तिथे दुर्बिणीत फक्त पानं भरतात. शिवाय तीस-शून्य-सहा जातीच्या रायफलीची गोळी नेम चुकला तर तीन-चार किलोमीटरही जाऊ शकते. मनोर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात कुठल्याही टेकडीवर उभं राहून तीन किलोमीटरच्या आत पाडा, वीटभट्टी, कामगारांची चाळ किंवा शाळा नाही अशी दिशा दाखवावी. औद्योगिक वसाहत वाढत रानाला भिडली आहे. आणि नामी शिकाऱ्याला जड हत्यार लागतंच असंही नाही. शिकारी जिम कॉर्बेटने १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला तो पॉइंट दोनशे पंचाहत्तरच्या हलक्या रिग्बी रायफलीने. साहेब लोकांच्या जड दुनळी रायफली वाहायला बहुतेकदा वेगळा माणूस असे, आणि तो इथलाच कोणीतरी गरीब असे. जड हत्याराची हौस तेव्हाही दुसऱ्याच्या खांद्यावरच भागत होती.

दुसरं उत्तर खरं दुखणं सांगतं, म्हणून त्याला नुसतं झटकता येत नाही. डुकरं एका रात्रीत भाताचं शेत उलथून टाकतात, मग शेतकऱ्याने काय बघत बसायचं? नाही. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. शस्त्राचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, पीकसंरक्षणासाठी मिळालेल्या बंदुकीचासुद्धा नव्हे. उभ्या पिकाच्या नुकसानीबद्दल वनखात्याकडे अर्ज करता येतो, कलम ११ खाली लेखी परवानगीची सोय आहे, भरपाईही मागता येते. कचेरीत खेटे घालावे लागतात आणि त्याचा संताप मलाही येतो. म्हणून पंधरा-वीस जणांनी रानात पांगायचं आणि खसखस ऐकून त्या दिशेला बार काढायचा, हे पीकसंरक्षण होत नाही. ज्यांचा स्वतःच्या शेताशी संबंध नाही असे कितीतरी जण वाट्याच्या मटणासाठी त्यात असतात, हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

आणि गोळी लागल्यानंतरचं वागणं. बार होतो, डुकराऐवजी माणसाची हाक येते, त्या क्षणी हात-पाय गळतात हे मी समजू शकतो. पुढचं मला समजत नाही. बोरशेतीत सोबत्याचा मृतदेह झुडपात लपवला गेला आणि पोलिसांना कोणी कळवलं नाही. ज्यांच्या भरवशावर माणूस घरातून निघाला त्यांनीच हे केलं. भीती कसली, तर खटल्याची. पुरावा दडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली वेगळा गुन्हा आहे. म्हणजे ज्यांनी चापाला बोटही लावलं नाही तेही आरोपी होतात. जखमीला झोळी करून रस्त्यापर्यंत आणायला माणसं लागतात आणि टोळीत ती असतातच. मनोरवरून राष्ट्रीय महामार्ग जातो. आधी १०८ लावायचा, मग ११२, आणि जखमेवर कापड दाबून धरायचं. बंदुकीला हात न लावता ती तिथेच पडू द्यायची. तिचं काय करायचं ते पोलीस बघतील.