जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्सची निवड

थोरल्या भावाने २०१० साली घेतलेला लॅपटॉप माझ्या वाट्याला आला. रॅम दोन जीबी, आणि आत विंडोज ७, जिच्या सुरक्षा-दुरुस्त्या जानेवारी २०२० मध्येच थांबल्या. विंडोज ११ ला निदान चार जीबी रॅम लागते. म्हणजे ती वाट बंद. "भंगारात दे," असे दादा म्हणाला. पण प्रकल्प मराठीत टंकून द्यावयाचा होता आणि नवा लॅपटॉप घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून मी लिनक्सकडे वळलो.

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लायनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. त्याभोवती निरनिराळ्या मंडळींनी आपापल्या प्रणाली रचल्या. गाभा एकच, तर मग एक हलकी व दुसरी जड कशी? फरक मुख्यतः पडद्यावरच्या संसाराचा आहे. मिंटच्या एक्सएफसीई आवृत्तीला दोन जीबी रॅम पुरते, पण सुखाने नांदायला चार हवी. लुबुंटूचा एलएक्सक्यूटी सुटसुटीत आहे. अँटीएक्समध्ये तर पूर्ण डेस्कटॉपऐवजी केवळ खिडक्या सांभाळणारा आइसडब्ल्यूएम असतो.

पहिला प्रश्न मात्र प्रोसेसरचा. तो ३२-बिट असेल तर पर्याय फार थोडे उरतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने तशा यंत्रांवर नव्याने बसण्याची सोयच काढली. माझा सुदैवाने ६४-बिट निघाला.

पुढची परीक्षा पेनड्राइव्हवरून घेतली. अशा रीतीने प्रणाली चालवून पाहता येते आणि हार्डडिस्कला धक्का लागत नाही. वायफाय लागते का, आवाज येतो का, आणि 'दर्या' व 'दऱ्या' हे शब्द वेगळे उमटतात का, एवढे मी तपासले. मिंट देखणा, पण ब्राउझर उघडताच यंत्र अडखळू लागले. लुबुंटू बरा चालला. अँटीएक्स दिसायला रुक्ष, पण लेखन व ब्राउझर दोन्ही उघडे ठेवूनही तो थबकला नाही. तोच ठेवला. त्याआधी दादाची सर्व छायाचित्रे दुसरीकडे उतरवून घेतली, कारण पूर्ण डिस्कवर नवी प्रणाली बसविताना जुने सारे पुसले जाते.

एक भ्रम मात्र बाळगू नये. प्रणाली हलकी झाली म्हणून संकेतस्थळे हलकी होत नाहीत. आजही मी ब्राउझरची दोनच पाने उघडतो. तिसरे उघडले की यंत्र कुरकुरते. अंथरूण पाहून पाय पसरावे, हेच इथेही खरे. कोणता लिनक्स सर्वांत चांगला, असे विचारण्यापेक्षा आपले यंत्र किती पेलते आणि आपले काम कोणते, हे आधी पाहावे. माझे काम लेखनाचे होते. प्रकल्प वेळेवर सादर झाला, आणि हा लेखही त्याच 'भंगारा'वर टंकला आहे.